जुनी साडेचार फुटी लेथ: टेपर (एक टोक जाड, एक बारीक होणं), चॅटर (टूलची थरथर), पार्टिंगला (तुकडा कापून वेगळा करताना) टूल मोडणं. सुरुवात कुठून करू?

डिचोली_लेथ

नमस्कार मंडळी. घरामागच्या शेडमध्ये साडेचार फुटी पट्ट्याची लेथ (जॉब, म्हणजे धातूचा तुकडा, फिरवून कातायचं मशीन) आहे. तीन स्टेपची पुली, फ्लॅट पट्टा, बॅक गिअर. स्पिंडल (मुख्य फिरता दांडा) गनमेटलच्या (एक प्रकारच्या काशाच्या) बुशवर फिरतो, नोजला (पुढच्या टोकाला) आटे आहेत (जॉब धरणारा चक फिरवून बसवायचा). लीड स्क्रू (आटे पाडताना टूल सरकवणारा) इंचाला ४ आट्यांचा. मोटर १ एचपी सिंगल फेज. डायरेक्टला साधारण १५०, २६० आणि ४५० आरपीएम मिळतात, बॅक गिअर टाकला की त्याच्या सहाव्या हिश्श्यावर.

काम जास्त करून मासेमारी बोटींच्या स्टर्न ट्यूबची गनमेटल बुशं, एमएसच्या (माइल्ड स्टीलच्या) पिना, कॉलर, पंपाचे शाफ्ट. त्रास असे:

एमएसचा २५ चा बार थ्री जॉमध्ये (तीन जबड्यांच्या चकमध्ये) धरून १५० मिमी बाहेर ठेवला, टेलस्टॉक (दुसऱ्या टोकाचा आधार) न लावता ४५० वर टर्निंग केलं. चकजवळ २४.०२, टोकाला २४.१५. टूल कार्बाइड टिपचं, ब्रेझ केलेलं. फिनिश ओरखडल्यासारखं.

६० मिमी गनमेटलचं फेसिंग (तोंड सपाट) करताना कडेच्या बाजूला मशीन किंचाळतं आणि चांदणीसारखी नक्षी उमटते. २० मिमी एमएस पार्टिंग करताना टूल मध्येच जॉबमध्ये घुसतं आणि मोडतं. क्रॉस स्लाइडवर (टूल आडवं सरकवणाऱ्या भागावर) मोजून कट द्यावा, तर कधी तेवढा निघतो, कधी दुप्पट.

शिवाय मेट्रिक आटे पाडायचे आहेत, १.५ आणि २ पिचचे. इंचाच्या लीड स्क्रूवर त्यासाठी लागणारा १२७ दातांचा गिअर संचात नाही. आणि गंजाचं सांगायलाच नको, जून लागला की सकाळी बेडवर (मशीनच्या लांब ओतीव सांगाड्यावर) तांबूस झाक असते.

ओळखीतले लोक सांगतात, बेड झिजलाय, ग्राइंड करून आण. पूर्ण मशीन खोलून बेड घाटापलीकडे न्यायचा म्हणजे मोठा खटाटोप. खरंच गरज आहे का?

म्हापसा_टर्नर

टेपर येतोय म्हणजे टेलस्टॉक सरकलेला असणार. मागच्या बाजूचे दोन सेटओव्हर (आडवं सरकवायचे) स्क्रू सैल करून शून्यावर आणा. मशीन लेव्हलला आहे का तेही बघा. शेडची जमीन कोब्याची असेल तर भराव पावसात बसतो आणि एक पाय उचलला जातो. पार्टिंगसाठी वेग कमी करा, ४५० वर पार्टिंग करत असाल तर टूल मोडणारच.

बॅकगिअर

म्हापसा_टर्नर बाब, टेलस्टॉक लावलेलाच नव्हता, मग टेपर त्याच्यामुळे कसा येईल? जमिनीचा मुद्दा मात्र बरोबर आहे, त्यावर शेवटी येतो.

डिचोली_लेथ, बेड ग्राइंडिंगचा विषय सध्या बाजूला ठेवा. तुमच्या चाचणीत चार वेगवेगळे दोष एकाच आकड्यात मिसळलेत: बार वाकतोय, जॉ धरत नाहीत, स्पिंडलमध्ये प्ले (ढिलेपणा) असू शकतो आणि बेडला पीळ असू शकतो. ते याच क्रमाने वेगळे करायचे. उलट्या क्रमाने गेलात तर चांगला बेड बिघडवून ठेवाल.

आधी बार. २४ मिमीचा बार १५० बाहेर म्हणजे व्यासाच्या सहापट. टूलने आडवा ५ किलोचा जोर दिला तरी टोक ०.०१७ मिमी मागे सरकतं, व्यासावर ०.०३५. बोथट कार्बाइड टिप असेल तर जोर सहज दुप्पट होतो, म्हणजे ०.०७. तुमच्या ०.१३ पैकी निम्मा भाग इथेच संपला. टेलस्टॉकशिवाय जॉब व्यासाच्या तिपटीपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, फार तर चौपट. त्यापुढे सेंटर लावायचाच.

मग जॉ. जुन्या थ्री जॉचे जॉ तोंडाकडे झिजून भोंग्यासारखे होतात. जॉब फक्त आतल्या टोकाला धरला जातो आणि बाहेरून हलतो. तपासायला ग्राइंड केलेला सरळ २५ चा रॉड धरा आणि चकपासून १०० मिमीवर डायल (काट्याचं मापक) लावून रॉड हाताने पुढे-मागे ढकला. काटा हलून परत शून्यावर आला तर तो लवचीकपणा. हलला तिथेच राहिला तर जॉ गेलेत. जॉच्या तोंडाशी ०.०५ चं फीलर (पातळ मापपट्टी) घुसतंय का तेही बघा. असं असेल तर अचूक काम फोर जॉमध्ये (चार जबडे वेगवेगळे सरकतात त्या चकमध्ये) करा. डायल लावून फोर जॉ सेंटर करायला हात बसला की पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

आता स्पिंडल. हा तपास बहुतेक जण टाळतात, आणि चॅटरचं मूळ बहुधा इथेच असतं. पट्टा सैल करा. मॅग्नेटिक बेस बेडवर ठेवून डायलचं टोक वरून स्पिंडल नोजच्या खांद्यावर टेकवा. चकवर नको, चकच्या आट्यांतला प्ले मिसळतो. फोर जॉमध्ये जाड रॉड फूटभर बाहेर धरून वर उचला, २०-२५ किलो जोर लावा. काटा किती उचलतो ते लिहून ठेवा. ५० मिमीच्या आसपासच्या स्पिंडलला गनमेटल बुशमध्ये ०.०३ ते ०.०५ चालतं, कारण तेलाच्या थराला जागा लागते. ०.१० च्या पुढे गेलं तर कुठलंही टूल किंचाळणार.

बुश दोन भागांचं आणि वरून कॅप असेल तर कॅपखाली दोन्ही बाजूंना पितळी शिम (पातळ पट्ट्या) असतात. दोन्हीकडून सारख्या जाडीची शिम काढायची, एका वेळी ०.०५ पेक्षा जास्त नाही. कॅप आवळून स्पिंडल हाताने मोकळा फिरतो का बघा. मग २६० वर अर्धा तास रिकामं चालवा. बुशवर हात ठेवता आला पाहिजे. चटका बसला तर शिम परत घाला. तेल ३२ किंवा ४६ ग्रेडचं, ड्रिप ऑइलरमधून सतत. इंजिन ऑइल जाड पडतं, घट्ट बुशमध्ये तापतं. आणि ग्रीस अजिबात नको.

लांबीच्या दिशेचा प्लेही बघा. डायल नोजच्या तोंडावर, स्पिंडल आत-बाहेर ढकलायचा. ०.०२ पेक्षा जास्त असेल तर मागची चेक नट थोडी आवळा. फेसिंगला येणाऱ्या लाटांचं ते एक कारण आहे.

एवढं झाल्यावर टेपरची खरी चाचणी. ४० मिमी किंवा त्याहून जाड बार फोर जॉमध्ये धरून १४० बाहेर काढा. मधला भाग ३४ पर्यंत उतरवून दोन टोकांना १५-१५ मिमीच्या कॉलर ठेवा. धारदार एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलने ०.०५ चा एकच हलका कट, दोन्ही कॉलरवर, टूलला मध्ये हात न लावता, ऑटो फीडवर. मग मायक्रोमीटरने दोन्ही मोजा. व्हर्नियर इथे उपयोगाचं नाही. आकडे इथे टाका, मग पायांचं सांगतो.

हत्यारघर

बॅकगिअर यांनी मशीनचं सांगितलं, मी टूलचं सांगतो. यातले निम्मे त्रास टूलचेच आहेत.

कार्बाइड या मशीनवर बंद करा. एमएसला कार्बाइडला मिनिटाला १०० मीटरच्या आसपास वेग लागतो. २४ मिमी व्यासावर ते १३०० आरपीएमच्या पुढे जातं. तुमची टॉप स्पीड ४५०, म्हणजे ३४ मीटर. त्या वेगात कार्बाइड कापत नाही, धातू ओरबाडतं. एचएसएसला एमएसवर २० ते २५ मीटर पुरतात, म्हणजे तुमचा २६० चा स्टेप २४ मिमीला अगदी योग्य. हिशेब सोपा: वेग (मीटर) गुणिले ३१८ भागिले व्यास (मिमी), उत्तर आरपीएम. ३०४ स्टेनलेसचा शाफ्ट आला तर १५ मीटर धरा. ५० व्यासाला ९५ येतात, म्हणजे बॅक गिअरमधला ७५ चा स्टेप.

१० मिमी चौकोनी एचएसएस बिट घ्या. एमएससाठी पुढचा आणि बाजूचा क्लिअरन्स (टूल घासू नये म्हणून दिलेला उतार) ८ ते १० अंश, साइड रेक (वरच्या चेहऱ्याचा उतार) १२ ते १४. नाकाची त्रिज्या ०.५, जास्त नको, मोठं नाक चॅटर वाढवतं. ग्राइंडरनंतर तेलाच्या दगडावर धार पुसा. नखावर टेकवली की घसरता कामा नये. ग्राइंडर लेथजवळ ठेवला असेल तर आधी तो हलवा. दगडाची पूड बेडवरच्या तेलात मिसळली की बेड दिवसाढवळ्या घासला जातो.

गनमेटलचं वेगळं. एमएसचं रेक दिलेलं टूल गनमेटलला लावलं की धातू टूल आत ओढतो, क्रॉस स्लाइडमध्ये प्ले असला की टूल उडी मारतं आणि तुमची चांदणी उमटते. टॉप रेक शून्य ठेवा, वरचा चेहरा सपाट. ६० मिमीला २६० म्हणजे ४९ मीटर, वेग बरोबर आहे, तो बदलू नका. बुशचं बोअर काढताना ड्रिलच्या दोन्ही ओठांची धार दगडाने पुढून किंचित सपाट करा, नाहीतर ड्रिल अडकून टेलस्टॉकच्या स्लीव्हमध्येच फिरेल. बोअरिंग बार जाडीच्या चौपटीपेक्षा जास्त बाहेर नको. ड्रिल थोडं वाकडं गेलं तरी बोअरिंगने सरळ होतं, पण पहिला कट ०.५ तरी घ्या. उथळ कट वाकड्या भोकामागेच जातो.

टूलची उंची: सहा इंची पातळ पट्टी टूलचं टोक आणि गोल जॉब यांच्यामध्ये अलगद दाबा. पट्टी उभी राहिली तर टूल सेंटरवर. वरचं टोक तुमच्याकडे झुकलं तर टूल खाली, जॉबकडे झुकलं तर वर. शिम म्हणून हॅकसॉ ब्लेडचे तुकडे चालतात, कागद नको, तो दबतो.

पार्टिंग. ब्लेड २.५ ते ३ मिमी, सेंटरवर तंतोतंत. ब्लेड चकच्या तोंडाला समांतर, डोळ्याने नाही, ब्लेडच्या बाजूवर डायल फिरवून. जितकं खोल जायचं त्याच्या २-३ मिमी जास्तच ब्लेड बाहेर. २० च्या एमएसला १० आत जायचं, तर १३. कट चकच्या शक्य तितका जवळ. सॅडल (बेडवर लांबीत सरकणारा भाग) लॉक, कंपाउंडची (टूलखालच्या छोट्या स्लाइडची) गिब (ढिलेपणा घालवणारी पट्टी) आवळलेली. वेग १५०. आणि एक महत्त्वाचं: फीड थांबवू नका. भीतीने हात थबकला की ब्लेड घासतं, तिथला पदार्थ कडक होतो आणि पुढच्या ढकलीला ते घुसतं. सतत बारीक फीड, ब्रशने कटिंग ऑइल. चिप गुंडाळीच्या रूपात येत असेल तर ठीक चाललंय. पूड यायला लागली तर धार गेली. ब्रश मात्र मागच्या बाजूने लावा, चक आणि हाताच्या मध्ये काही येता कामा नये. ग्लोव्ह्ज तर चालत्या लेथवर नकोच.

पुढून लावलेलं पार्टिंग टूल जॉब वर उचलतं. स्पिंडलच्या बुशात प्ले असला की जॉब चढतो, टूल खाली वाकून आत जातं. म्हणून स्पिंडलचं काम आधी. नंतरही त्रास राहिला तर क्रॉस स्लाइडच्या मागच्या बाजूला उलटं ब्लेड लावण्याचा पोस्ट करून घ्या. तिथे टूल वाकलं तर जॉबपासून दूर जातं.

डिचोली_लेथ

बॅकगिअर काका, हत्यारघर दादा, मनापासून आभार. आकडे देतो.

थ्री जॉत १०० मिमीवर रॉड ढकलला की काटा ०.१२ वर जाऊन तिथेच थांबतो. ०.०५ चं फीलर जॉच्या तोंडाशी सरळ जातं. म्हणजे जॉ गेलेत.

स्पिंडल नोज पुढच्या बुशात ०.१० उचलतो. कॅपखाली दोन्ही बाजूंना ०.०५ च्या शिमा होत्या, एकेक काढली. आता ०.०५. अर्धा तास चालवलं, बुश कोमट, हात ठेवता येतो. लांबीचा प्ले ०.०१ आहे.

दोन कॉलर, मध्य ते मध्य १२० मिमी: बाहेरची कॉलर ०.०३ ने मोठी. हे एचएसएसने, फोर जॉमध्ये.

शून्य रेकच्या टूलने गनमेटलची चांदणी गेली. क्रॉस स्लाइडच्या डायलचं कोडं अजून तसंच. आणि एक राहिलं: सॅडलची गिब चकजवळ नीट घट्ट केली की टेलस्टॉककडे जाताना सॅडल अडकतं.

बॅकगिअर

उत्तम. ०.१३ चा टेपर ०.०३ वर आला आणि बेडला अजून हातही लावलेला नाही.

आता पाय. बाहेरची कॉलर मोठी म्हणजे टूल तिकडे जाताना जॉबपासून तुमच्याकडे सरकतंय. टेलस्टॉककडचा पुढचा, म्हणजे तुम्ही उभे राहता त्या बाजूचा पाय उचलला की बेड तिकडे मागे झुकतो आणि टूल जॉबकडे जातं. हिशेब: व्यासात ०.०३ म्हणजे टूल ०.०१५ सरकलं, १२० मिमीत. पायांमधलं अंतर मीटरभर धरलं तर मीटरभरात ०.१२५. सेंटरची उंची पिळाच्या आसापासून अंदाजे २०० आणि पायांची रुंदी ३०० धरली तर शिम येते ०.१९. तुमची मापं वेगळी असतील, म्हणून आधी फक्त ०.१ ची पत्र्याची शिम घाला, बोल्ट आवळा, रात्रभर राहू द्या, परत कॉलर कापा. बीडाचा (ओतीव लोखंडाचा) बेड लगेच बसत नाही. कॉलर पुन्हा पुन्हा कापून बार बारीक होईल, त्यामुळे सुरुवातीलाच ४५ चा घेतला तर बरं. आणि बांधकामाची स्पिरिट लेव्हल या कामाला वापरू नका. मीटरला अर्धा मिमी चूक तिला दिसतच नाही.

एका पायाखाली फट राहून बोल्टने तो खाली ओढला जातोय का, तेही तपासा. चिऱ्याचा भराव असलेल्या जमिनीत हे पावसाळ्यानंतर दरवर्षी बघावं लागतं. निदान चार पायांखाली आणि थोडं बाहेरपर्यंत सहा इंच काँक्रीट ओतून घ्या.

सॅडल अडकतं हे बेड झिजल्याचं खरं लक्षण. चकजवळचा पट्टा जास्त झिजतो, कारण सगळी छोटी कामं तिथेच होतात. पण त्यामुळे नेमकं किती बिघडतं ते बघा. सॅडल तिथे ०.१ खाली गेलं आणि टूल सेंटरवर असलं, तर २४ च्या जॉबमध्ये फरक एक मायक्रॉनसुद्धा नाही. टूल आधीच अर्धा मिमी खाली लावलेलं असेल तर मात्र तोच ०.१ चा उतार व्यासात ०.००९ पर्यंत जातो. उंची नीट लावणं म्हणूनच. व्ही बेडचा पुढचा उतार झिजला असेल तर सॅडल आडवंही सरकतं, आणि ते थेट व्यासात उतरतं. तेही मोजून बघता येतं: सेंटरमध्ये लांब बार ठेवून एक हलका कट घ्या आणि चक आणि टेलस्टॉक यांच्यामधल्या दर ५० मिमीवर मायक्रोमीटर लावा. आकडे एका दिशेने सारखे वाढत असतील तर पीळ किंवा टेलस्टॉक. मध्येच फुगवटा किंवा खळगा दिसला तर झीज. बुशं आणि पिनांच्या लांबीत झीज दिसणारही नाही. तुमच्या कामाला बेड ग्राइंडिंगची गरज मला दिसत नाही. गिब झिजलेल्या भागासाठी थोडी सैल राहू द्या आणि अचूक कामाला सॅडल लॉक वापरा.

डायलचं कोडं: तुमचा क्रॉस स्लाइड स्क्रू इंचाचा दिसतो. इंचाला १० आटे आणि डायलवर १०० घरं असतील तर एक घर म्हणजे ०.०२५४ मिमी, आणि ते त्रिज्येत. व्यासात दुप्पट, ०.०५. तुम्ही चार घरं फिरवून ०.१ ची अपेक्षा धरत असाल तर ०.२ निघणार. 'कधी दुप्पट' याचा बराचसा उलगडा इथे होईल. उरलेला भाग बॅकलॅशचा (स्क्रूच्या ढिलेपणाचा). अर्धा मिमी बॅकलॅश असला तरी काम अडत नाही, नेहमी पूर्ण एक फेरी मागे येऊन एकाच दिशेने मापावर जायचं. गिब मात्र घट्ट हवी. टूल पोस्ट हाताने ढकलल्यावर डायल ०.०३ पेक्षा जास्त हलता कामा नये.

अगदी बारीक कट हवा असेल तर कंपाउंड बेडच्या दिशेशी पावणेसहा अंशांवर लावा. कंपाउंड ०.१ पुढे गेला की टूल जॉबमध्ये ०.०१ जातं. झिजलेल्या क्रॉस स्क्रूची भानगडच नाही.

पेडणे_किनारा

गंजाबद्दल. खाऱ्या हवेत दोन चुका सर्रास होतात. एक म्हणजे पाण्यात मिसळायचं कूलंट. घरच्या लेथवर ते रोज वापरलं जात नाही, सॅडलखाली साचतं आणि तिथून बेड खातं. ब्रशने कटिंग ऑइल पुरतं. दुसरी म्हणजे प्लास्टिकचं आवरण. आत दमट हवा कोंडते आणि पहाटे त्याचंच पाणी बेडवर उतरतं. जुनी सुती चादर टाका. वर्तमानपत्र बेडवर अजिबात ठेवू नका, ओल धरून ठेवतं.

बेडला ६८ ग्रेडचं स्लाइडवे तेल. काम संपल्यावर चिप झाडून, फडक्याने पुसून, मग नवा थर. सॅडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवा म्हणजे तेल खाली जातं. चवथीला आठवडाभर शेड बंद राहते, त्याआधी जाड थर द्या आणि बेडच्या खाली ६० वॉटचा जुना फिलामेंट बल्ब पेटता ठेवा, फडकं-चादर त्याला टेकणार नाही असा. बेड हवेपेक्षा दोन अंश जरी गरम राहिला तरी दव धरत नाही. एलईडी बल्बचा उपयोग नाही, त्याची उष्णता फारच कमी असते.

आलेली तांबूस झाक डिझेल लावून पितळी पट्टीच्या कडेने खरवडा. पॉलिश पेपर बेडवर नको, त्याचे कण बीडात रुततात.

चामड्याचा पट्टा असेल तर पावसात तो ओल ओढून सैल होतो आणि कट थोडा वाढला की घसरतो. त्याला कोणी मोटर कमजोर म्हणतं.

म्हापसा_टर्नर

टेलस्टॉकबद्दल माझी घाई झाली, बॅकगिअर बरोबर आहेत. पण मोटरही बघा. सिंगल फेज मोटरचा टॉर्क एका ओळीत नसतो, सेकंदाला १०० धक्के असतात आणि ते फिनिशवर दिसतात. तीन फेज मोटर आणि व्हीएफडी (फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) लावला की फिनिश एकदम बदलतं, शिवाय स्पीड हवी तशी.

बॅकगिअर

फिनिश सुधारतं, मान्य. पण दोन गोष्टी आधी बघून घ्याव्यात. आपल्याकडच्या छोट्या तीन फेज मोटरी बहुधा ४१५ व्होल्टला स्टारमध्ये जोडलेल्या असतात, आणि घरच्या २३० व्होल्टवर चालणारा व्हीएफडी २३०च देतो. मोटर डेल्टात बदलावी लागते. टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं असतील तर पट्ट्या फिरवून होतं. तीनच असतील तर वाइंडरकडून स्टारचा सांधा बाहेर काढून घ्यावा लागतो. दुसरं, फ्रिक्वेन्सी उतरवून वेग कमी केला की त्याच प्रमाणात ताकदही उतरते आणि मोटरचा पंखा हळू फिरून ती तापते. त्यामुळे बॅक गिअर सुटत नाही.

त्याआधी मोटरच्या टर्मिनलवर, चालू कटमध्ये, व्होल्टेज मोजा. २३० ऐवजी १९० मिळत असेल तर टॉर्क दोन तृतीयांशावर येतो. लांबवर ओढलेली बारीक वायर हे त्याचं नेहमीचं कारण. शेडपर्यंत ४ चौरस मिमीची तांब्याची वायर टाकणं व्हीएफडीपेक्षा स्वस्त आहे.

फोंडा_गिअर

मेट्रिक आट्यांचं कोणी घेतलं नाही, म्हणून मी. लीड स्क्रू इंचाला ४ म्हणजे ६.३५ मिमी. १.५ पिचसाठी प्रमाण ३० भागिले १२७, म्हणजे ०.२३६२२. १२७ नसेल तर ६३ दातांचा गिअर घ्या. चालवणारे ६३ आणि ३०, चालणारे ८० आणि १००: प्रमाण ०.२३६२५. चूक १०० मिमी आट्यांत सव्वा शतांश मिमी, नट-बोल्टला कळतही नाही. २ पिचला ३० च्या जागी ४०.

मेट्रिक आटे पाडताना हाफ नट (सॅडलला लीड स्क्रूशी जोडणारा) उघडायचा नाही, एकदा लावला की आटे पूर्ण होईपर्यंत बंद. टूल बाहेर काढून मशीन उलटं फिरवून मागे यायचं. पण तुमच्या स्पिंडल नोजला आटे आहेत. मोटर एकदम उलटी दिली तर चक सुटून बेडवर पडू शकतो. सिंगल फेज मोटर तर पूर्ण थांबल्याशिवाय उलटी फिरणारही नाही. छोट्या आट्यांसाठी स्पिंडलच्या मागच्या टोकाला हँडल लावून हातानेच फिरवा. मोटर चालू करण्याआधी हँडल काढायला मात्र विसरू नका.

डिचोली_लेथ

पुढच्या पायाखाली आधी ०.१ आणि मग आणखी ०.०५ ची शिम घातली. कॉलरमधला फरक आता ०.०१ च्या आत आहे. पार्टिंग १५० वर, ब्लेड १३ मिमी बाहेर, २० चा एमएस आरपार गेला.

फोंडा_गिअर दादा, ६३ चा गिअर बेळगावला उद्यमबागेत कापून घ्यावा म्हणतो. कापणारा डीपी की मॉड्यूल (दाताच्या आकाराचं इंची की मेट्रिक माप) विचारेल. कसं ओळखायचं?

फोंडा_गिअर

तुमच्या संचातल्या ६० दातांच्या गिअरचा बाहेरचा व्यास मोजा. ११२.५ च्या आसपास आला तर १४ डीपी, १०८.५ आला तर पावणेदोन मॉड्यूल. नियम असा: दातांत दोन मिळवा आणि इंचातल्या व्यासाने भागा, तो डीपी. मिमीतल्या व्यासाला दात अधिक दोन या आकड्याने भागलं की मॉड्यूल.

१४ डीपीचा १२७ दातांचा गिअर २३४ मिमी व्यासाचा होतो. तो तुमच्या क्वाड्रंटवर (गिअर बसवायच्या पट्टीवर) आणि गार्डच्या आत बसेल असं वाटत नाही, म्हणूनच मी ६३ सुचवला. तो ११७.९ चा होतो.

डिचोली_लेथ

११२.४ आला.

फोंडा_गिअर

मग १४ डीपी. ब्लँकचा व्यास ११७.९ सांगा. बोअर आणि चावीचं घर जुन्या गिअरवरून मोजून द्या. दाताचा कोन जुन्या मशीनवर बहुधा साडेचौदा अंश असतो, पण अंदाजाने सांगू नका. संचातला एक गिअर नमुना म्हणून सोबत न्या आणि कापल्यावर दोन्ही हातात धरून एकमेकांवर फिरवून बघा, अडकले नाहीत तरच पैसे द्या. बीडाचा मिळाला तर उत्तम, एमएसचा आवाज करतो.